मिक्सर ठेवला, भातुकली नेली

‘अगंबाई! जपानला जाऊन इंग्रजी शिकवणार? आणि तुम्ही?’

आमच्या मिरजेच्या शेजारच्या काकूंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातातली साखरेची वाटी तशीच अधांतरी राहिली. त्या ‘तुम्ही’वरचा जोर मला चांगलाच ऐकू आला. पण मैत्रिणींनो, त्यांचं तरी काय चुकलं? माझं सगळं शिक्षण मराठी शाळेत. इंग्रजीची आणि आमची गाठ पडली ती पाचवीत. बी.ए. झाले तीही मराठी घेऊन. मग लग्न झालं, मुलगा जरा मोठा झाल्यावर घराजवळच्या बालवाडीत लागले आणि ‘बाई, शू लागली’, ‘बाई, ह्याने माझा खडू घेतला’ हे ऐकण्यात चौदा वर्षं कशी गेली ते कळलंही नाही. अशा बाईने परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं, म्हणजे पाण्यात कधी न उतरलेल्याने पोहण्याची शिकवणी काढण्यासारखंच!

झालं होतं असं की, 2017 च्या दिवाळीत हे पुण्याहून आले ते बातमी घेऊनच. कंपनीने तीन वर्षांसाठी तोक्योला पाठवायचं ठरवलं होतं. मुलगा पुण्याला कॉलेजात, म्हणजे त्याची चिंता नव्हती. प्रश्न दोनच. एक सासूबाईंचा, त्या तेव्हा शहात्तरच्या. आणि दुसरा माझा. बालवाडी सोडून मी तिकडे काय करणार? तोक्योतल्या एका ओळखीच्या मराठी बाईंना फोन केला, तर त्या सहज म्हणाल्या, ‘अहो, इथे कितीतरी भारतीय बायका लहान मुलांना इंग्रजी शिकवतात. तुम्हाला तर मुलांची सवय आहे.’ हे वाक्य माझ्या डोक्यात जे घर करून बसलं ते बसलंच.

सासूबाईंना विचारायचा धीर मला दोन दिवस झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, ‘मी सांगलीला धाकट्याकडे राहीन. माझं घर सुटतंय म्हणून तुझं दार बंद करणारी मी नव्हे.’ एवढं बोलून त्या लसूण सोलू लागल्या. पण रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीतला दिवा जळत होता, तो मी पाहिला.

आता तयारीचं सांगते. तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बॅगा, लाडू आणि लोणच्याची बरणी येते. पण पहिली तयारी कागदांची करा, आणि ती कमीत कमी चार-पाच महिने आधी. नवऱ्याबरोबर कुटुंब म्हणून जायचं तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आमचं लग्न 1997 चं. आमच्याजवळ लग्नपत्रिका होती, अल्बम होता आणि वीस वर्षांचा संसार होता; दाखला तेवढा नव्हता! मग फॉर्म, साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजी ऐंशी पार करून कुरुंदवाडला मुलाकडे राहत होते. आम्ही दोघं सकाळच्या एसटीने गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पत्रिका वाचली आणि म्हणाले, ‘वीस वर्षांनी विचारायला आलात होय, लग्न लागलं का म्हणून?’ सही मात्र ठसठशीत केली.

दुसरी भानगड नावाची. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, तेव्हा कोणाच्या मनात येतं की हे पुढे कचेरीत समजावून सांगावं लागणार आहे? माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. परक्या माणसाने ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवली तर त्याला ह्या दोन बायकाच वाटणार. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करून घ्या आणि त्याच्या प्रती जपून ठेवा. तुमच्या लेकीसुनांना तर आत्ताच सांगा.

आणि कामाच्या परवानगीचं नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळ जणी फसतात. जपानमध्ये नवऱ्याच्या नोकरीवर ‘कुटुंबीय’ म्हणून गेलेल्या बाईला आपोआप काम करता येत नाही. तिथे पोचल्यावर इमिग्रेशनच्या कचेरीत वेगळा अर्ज करायचा, मग आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं. त्यापुढे एक तासही नाही. स्वतःच्या बळावर पूर्णवेळ शिक्षिका म्हणून जायचं असेल तर व्हिसा वेगळा. तिथल्या सरकारी शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका व्हायचं, तर इंग्रजी माध्यमातून बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे माझ्यासारखीला ते दार बंदच. ‘आधी टूरिस्ट व्हिसावर चला, नोकरीचं तिथे बघू,’ असं कोणी सांगून पैसे मागितले, तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

सामानाबद्दल थोडक्यात. मिक्सर नेऊ नका. तिथली वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. आपला मिक्सर तिथे नुसता कण्हतो, चटणी काही वाटत नाही. कुकर मात्र खुशाल न्या, शिट्टी आणि रबर जास्तीचे घ्या. आंबे, भाज्या, कढीपत्ता ह्यांतलं काही विमानतळावरून आत नेता येईल ह्या भरवशावर राहू नका. नेहमीची लिहून दिलेली औषधं महिनाभर पुरतील एवढीच न्यावीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जास्त न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचं औषध असतं, त्यावर तिथे फार कडक निर्बंध आहेत. तेव्हा ‘असू दे दोन पाकिटं’ असं म्हणून पर्समध्ये टाकू नका. आणि शाकाहारी असाल तर एवढं लक्षात ठेवा, दिसायला नुसती भाजी असली तरी रस्सा सुकवलेल्या माशाच्या अर्काचा असतो. पहिले पंधरा दिवस मी मेतकूट-भातावर काढले.

बालवाडीची सामग्री मी वेगळ्या पिशवीत भरत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी कोसबाडला पानं, बिया, शिंपले, खडे ह्यांवर मुलांना शिकवलं, त्याच वळणावर आम्ही बालवाडीच्या बायका वाढलो. मी किलोभर चिंचोके घेतले होते. मग कळलं, बी-बियाणं तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाही. चिंचोके काढले, शर्टाची जुनी बटणं घेतली. सासूबाई हे सगळं कॉटवर बसून पाहत होत्या. त्या उठल्या आणि त्यांच्या ट्रंकेतून एक पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांची सावंतवाडीची लाकडी भातुकली! लाल-पिवळ्या लाखेची. जातं, पोळपाट-लाटणं, चूल, तवा, चिमुकल्या कपबश्या. माझ्या मुलालासुद्धा त्यांनी ती कधी मनासारखी खेळू दिली नव्हती. ‘पोरं कुठलीही असोत, ह्याला नको म्हणायची नाहीत,’ त्या म्हणाल्या.

भाषेची तयारी मी पुस्तक आणून केली, आणि इथे मला एक गंमत सापडली. जपानी मुलांची नावं हिरागाना लिपीत लिहिलेली असतात. तिची मूळ अक्षरं 46. आणि त्यांचा क्रम काय, तर आ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कू, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा! अहो, ही तर आपलीच बाराखडी! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत अक्षरं तिकडे गेली, त्यांवरून हा क्रम बसला. पोळ्या लाटता लाटता मी महिन्याभरात सगळी अक्षरं पाठ केली. बाकी जपानी यथातथाच राहिलं, पण वर्गातल्या मुलांच्या टोपीवरचं नाव वाचता येणं हे माझ्या बी.ए.पेक्षा जास्त कामाला आलं, हे मी आज खात्रीने सांगते.

मार्च 2018 च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पोचलो ते निशिकासाईला. तोक्योच्या पूर्वेकडचा हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. 2000 साल उजाडताना संगणकांच्या कामासाठी भारतीय इंजिनियर तिकडे जाऊ लागले, आणि तोझाई मार्गाच्या गाडीने कचेरीला जाणं सोयीचं म्हणून इथे वस्ती करून राहिले. स्टेशनबाहेर पडलं की आजूबाजूला हिंदी, तेलुगू, मराठी कानांवर येते. तूरडाळ मिळते, हिंग मिळतो. योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ 2019 मध्ये ह्याच वॉर्डाच्या सभेत निवडून आले.

आम्ही गेलो तेव्हा चेरीची झाडं फुललेली होती. पण खरं सांगू? माझं लक्ष फुलांकडे कमी आणि सायकलींवरच्या आयांकडे जास्त. एक पोर पुढच्या बैठकीत, एक मागच्या, हँडलला भाजीची पिशवी, आणि बाई पावसात रेनकोट घालून झपाझप चाललेली. शाळेचं वर्ष तिथे एप्रिलमध्ये सुरू होतं. तेव्हा नव्या टोप्या, नव्या पिशव्या, प्रत्येक वस्तूवर नाव. चमचा, मोजा, रंगखडूची एक एक कांडी, सगळ्यांवर आईने नाव घातलेलं. आपल्या बालवाडीत हरवलेल्या डब्यांचा ढीग आठवून मला त्या आयांना नमस्कार करावासा वाटला.

परवानगीचा शिक्का मिळाला आणि मी मुलाखतीला गेले. इंग्रजीचा एक वर्ग होता, नाव सांगत नाही. समोरच्या बाई अत्यंत नम्र. चहा दिला, माझे कागद दोन्ही हातांनी घेतले. मग म्हणाल्या, पालकांना ना, अमेरिकेची किंवा इंग्लंडची... आणि ‘चोत्तो...’ म्हणून मान कलती करून थांबल्या. चोत्तो म्हणजे ‘जरासं’. मी आपली वाट पाहत बसले, जरासं काय? पुढे काही नाहीच. घरी आल्यावर ओळखीच्या बाईंनी सांगितलं, ‘अहो, चोत्तो म्हणून थांबले की तो नकार असतो.’

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी रडले. इंग्रजी कच्चं म्हणून नाकारलं असतं तर मुकाट्याने मानलं असतं. पण त्या बाईंनी माझं इंग्रजी पुरतं ऐकलंच नव्हतं, त्यांनी माझा चेहरा पाहिला होता. असं तिथे सर्रास होतं असं मी म्हणणार नाही, पण होतं. आणि जाणाऱ्या बाईने हे मिरजेतून निघतानाच माहीत करून घेतलेलं बरं. तीन आठवडे मी कुठेही गेले नाही. रात्री इंग्रजी बातम्या लावून ‘व’ आणि ‘डब्ल्यू’चे उच्चार आरशापुढे घोकत होते. एकदा ह्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ‘तू चौदा वर्षं पोरांना मराठी शिकवलंस, ते काय पुणेरी उच्चार करून?’ राग आला, पण आरसा सोडला.

दुसरी जागा एका दुकानाच्या माडीवरची. दोन खोल्या, चालवणारी बाई माझ्याच वयाची. तिने मला काही विचारलंच नाही. ‘एक तास मुलांत बसा,’ म्हणाली. बालवर्ग तिथे साधारण दुपारी दोनला सुटतात, त्यानंतर मुलं तिच्याकडे येत. तिथल्या शाळांत 2011 पासून पाचवी-सहावीला इंग्रजीची तोंडओळख होतीच. 2020 पासून ती तिसरीवर आली आणि पाचवीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. हे आधीच जाहीर झालेलं, त्यामुळे आया तीन-चार वर्षांच्या मुलांनाच आणून बसवत होत्या. आपल्याकडचंच चित्र.

त्या तासाला तीन वर्षांचा एक मुलगा दाराशी बूट न काढता रडत बसला होता. आईचा दुपट्टा म्हणा, रुमाल म्हणा, तोंडात घातलेला. मी त्याच्याशी इंग्रजी बोलले नाही, जपानी मला येत नव्हतं, आणि मराठी बोलून काय उपयोग? मी त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले आणि पिशवीतून भातुकली काढली. चूल मांडली, तवा ठेवला. लाटणं फिरवलं. त्याचं रडं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग थांबलं. त्याने बूट काढले. एक कपबशी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘दोझो.’ घ्या. मी खोटा खोटा घोट घेतला आणि म्हटलं, ‘थँक यू.’ तो म्हणाला, ‘सान्क्यू.’ त्यांच्याकडे भातुकलीला मामागोतो म्हणतात, हे मला नंतर कळलं. नोकरी मात्र त्याच संध्याकाळी मिळाली.

मग हळूहळू लक्षात आलं की मराठी शाळेत शिकल्याचा मला तोटा नव्हता, फायदाच होता. इंग्रजी शब्द जिभेवर कसा अडतो हे मला ठाऊक होतं. जपानीत शब्दाच्या शेवटी एकटं व्यंजन फारसं येतच नाही, म्हणून मिल्कचं ‘मिरुकु’ होतं. आपल्या खेड्यांतून ‘इस्टेशन’ आणि ‘इस्कूल’ होतं, तसंच. मी कधी हसले नाही. हो, एकदाच हसू आवरलं नाही. त्यांना ‘सी’ म्हणायला जड, ते ‘शी’ म्हणतात. वर्गातली बारा मुलं एका सुरात ‘ए, बी, शी!’ ओरडली आणि माझी जी अवस्था झाली ती मराठी आयांना सांगायला नको.

काही गोष्टी मात्र विसराव्या लागतात. आपण ‘हो’ म्हणताना मान डुलवतो. मुलांना कळेना, बाईंना हवंय की नको. मान सरळ वरखाली करायला मला दोन महिने लागले. ‘मी’ म्हणताना आपण छातीला हात लावतो, ती मुलं नाकाला बोट लावतात. सूर्य काढायला सांगितला की तिथली मुलं तो लाल रंगवतात. मी पिवळा काढला तर एकीने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. सिग्नलचा हिरवा दिवा त्यांच्या भाषेत निळा, तेव्हा ‘ग्रीन’ शिकवताना सिग्नलचं चित्र दाखवू नका, पान दाखवा. पण आपण बोटांच्या पेरांवर मोजतो ना, चार बोटांवर बारा, ते मुलांना जादूसारखं वाटलं. ती बोटं मिटत मोजतात, पाचाला मूठ होते. आठवड्यात सगळी पेरांवर ‘ट्वेल्व्ह’पर्यंत जाऊ लागली.

भूकंपाची कवायतही होतीच. मुलांच्या खुर्चीला जाडसर टोप्या लटकवलेल्या असतात, घंटा झाली की त्या डोक्यावर ओढून टेबलाखाली जायचं. पहिल्या खेपेला मीच बावळटासारखी उभी. चार वर्षांच्या एका मुलीने माझी ओढणी धरून मला खाली ओढलं. तेव्हापासून घरीही दाराशी पाणी, बॅटरी आणि कागदांच्या प्रती असलेली पिशवी ठेवायला लागले.

आणि नाव! ताटातल्या तांदळात लिहिलेल्या माझ्या नावाचं पहिलं अक्षर ‘वै’. त्यांच्या जिभेला ‘व’ जमत नाही, त्याचा ‘ब’ होतो. म्हणजे माझं नाव सुरूच होई ‘बाइ’ने. जिन्यात माझी चाहूल लागली की मुलं वरून ओरडायची. पुढचा शब्द काहीही असो, मला मिरजेच्या बालवाडीत आल्यासारखंच वाटायचं.

तीन वर्षांची चार झाली, मध्ये करोनाने सगळंच अडकलं. 2022 मध्ये परत आलो. सासूबाई सांगलीहून आल्या, काठी टेकत, पण आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, ‘पुरचुंडी आण.’ पलंगावर एकेक वस्तू मांडून मोजली. जातं होतं, चूल होती, लाटण्याची लाख जरा उडाली होती.

‘एक कपबशी कमी आहे,’ त्या म्हणाल्या.

‘दिली एकाला. पहिल्या दिवशी रडला होता तो. आता पहिलीत गेलाय.’

त्यांनी फडकं पसरलं, उरलेली भांडी त्यात ठेवली आणि गाठ मारून पुरचुंडी माझ्याच हातात दिली. शेजारच्या काकू तेवढ्यात दारात आल्या होत्या, वाटी घेऊनच. त्यांच्या सुनेचं तोक्योचं ठरलं होतं.

‘मिक्सर न्यायचा का हो?’ त्यांनी विचारलं.